‘विषय काय घेतला?’

नगरमध्ये एम.ए.च्या पोरांना ‘विषय काय घेतला?’ असं विचारलं, की अर्ध्या वर्गाचं उत्तर तयार असतं: हिवरे बाजार. उरलेल्यांचं राळेगणसिद्धी. मी पारनेर तालुक्यातली, तेव्हा राळेगणवर माझा हक्कच होता म्हणा; पण तिथे इतक्यांनी प्रश्नावल्या भरून नेल्यात, की गावकरी आता प्रश्नाआधीच उत्तर देत असतील. मी कांदा घेतला. घरचा होता.

नव्या शैक्षणिक धोरणानं एम.ए.ला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आला. पहिल्या सत्रातल्या ‘संशोधन पद्धती’च्या पेपरात नमुना निवड, गृहीतकं, उद्दिष्टं सगळं पाठ करून मी पास झाले होते. पण कोरं पान समोर आल्यावर पहिलं वाक्य कुठून आणायचं, ते त्या पेपरात नव्हतं. तोवर आमचं लिहिणं म्हणजे नोट्स उतरवणं आणि परीक्षेत त्याच ओतणं.

कॉलेजनं प्रकल्पलेखनाची कार्यशाळा ठेवली तेव्हा वही घेऊन पुढच्याच बाकावर बसले. पाहुण्यांनी डावीकडे समास किती सोडायचा, संदर्भसूचीत आडनाव आधी कसं, बाइंडिंग कोणत्या रंगाचं, हे तपशीलवार सांगितलं. मग आले वाङ्मयचौर्याबद्दलचे यूजीसीचे 2018 चे नियम. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे कारवाई. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजत नाहीत. त्या 14 शब्दांनी हॉलमध्ये एकदम जान आली. मागच्या बाकांवर हिशेब सुरू: तेरा घ्यायचे, चौदावा बदलायचा! स्वतःचं कसं लिहायचं, हे विचारायला मी हात वर करणार, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

टायपिंगची तऱ्हा वेगळीच. टायपिंगवाल्यानं मजकूर जुन्या फॉन्टमध्ये केला. त्या फॉन्टात पडद्यावर ‘कांदा’ दिसतो, पण फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो कांदा ओळखूच येईना. साम्य शून्य! मैत्रिणी अभिनंदन करायला लागल्या. शेवटी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा करून घेतलं. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. आमच्या नशिबी पानामागं पैसे घेणारा.

मदत झाली ती ओळखीच्या एका निवृत्त सरांची. माझं पहिलं वाक्य होतं, ‘भारत हा कृषिप्रधान देश असून प्राचीन काळापासून...’ सरांनी पेन्सिलीनं पूर्ण परिच्छेदाला कंस केला आणि विचारलं, “नेप्तीच्या मार्केटला तुमची गाडी पोचली, की पुढं काय होतं गं?”

मी सांगत सुटले. गोण्या उतरतात, वक्कल लागतं, व्यापारी एखादी गोणी फोडून माल बघतो, बोली सुरू होते. मोठा माल एका भावानं, गोल्टी दुसऱ्या भावानं. मग हातात पट्टी येते.

“पट्टी आहे का एखादी घरी?”

घरी आमच्या आण्णांनी कित्येक वर्षांच्या पट्ट्या तारेला टोचून ठेवल्यात. त्या आणल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली हातात पडलेली रक्कम. जुन्या पट्ट्यांवर आडतही कापलेली होती. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे राज्यात 2016 मध्ये ठरलं, ते मी पुस्तकात वाचलं होतं; आमच्या तारेवरही ते आहे, हे ध्यानात आलं नव्हतं. माझं दुसरं प्रकरण तिथून निघालं.

सरांनी माझ्यासाठी एक ओळही लिहिली नाही. फक्त समासात प्रश्न टाकत गेले. ‘भाव पडला’ म्हणजे कितीवरून कितीवर? ‘शेतकरी म्हणतात’ म्हणजे कोण, किती जण? राग यायचा, पण उत्तर शोधायला गेलं, की अर्धं पान भरायचं.

तेव्हा कॉलेजांना एक विनंती. कार्यशाळेचे हार-नारळ वाचवा आणि आठवड्यातून एक तास ग्रंथालयातल्या एका टेबलाशी पोरांची पानं वाचणारं माणूस बसवा. निवृत्त प्राध्यापक नगरमध्ये कमी नाहीत. त्यांना चहा आम्ही पोरं पाजू.