अंधाराची सोय

१ जूनला राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात त्याच्या आधीच धावपळ सुरू होते. होड्या वर ओढायच्या, इंजिनं उतरवायची, जाळी धुऊन वाळवून माळ्यावर टाकायची, सुके बोंबील आणि सुकट डब्यांत भरायची. एकदा हे उरकलं की बाबांना घर खायला उठतं. म्हणून यंदा बंदी लागताच त्यांना भंडारदऱ्याला नेलं. काजव्यांचे दिवसही नेमके तेच.

दादरहून कसारा लोकल, पुढे जीपने घोटी, तिथून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडी. शेंडीहून धरणाच्या कडेकडेने रतनवाडीचा रस्ता जातो. हा सगळा मुलूख १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. नाक्यावर पावती फाडायची आणि आत जायचं. प्रवरा इथे रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोडं पुढे येऊन १९२६ साली पूर्ण झालेल्या याच विल्सन धरणाच्या जलाशयाला मिळते. नेवाशाला ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच नदीकाठी. पण जूनच्या तोंडावर, उगमापाशी, तिच्यात पाणी असं फारसं नव्हतंच. उघडे पडलेले खडक आणि मधूनमधून साचलेले डोह. बाबा काठावर उभे राहून म्हणाले, “ही नदी? आपला नाला बरा!” दोन पाऊस पडू देत, मग बघा, असं आमच्या यजमान मामांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं.

मुक्काम त्यांच्याच तंबूत होता. पात्रालगत सपाट केलेली जमीन, ताडपत्री, सतरंजी, गोधडी. संडास घरामागे पत्र्याचा, पाणी बादलीने न्यायचं, आणि उजेड म्हणजे पडवीतला एक बल्ब. मोबाइलला रेंज नाही. चार्जिंगचं विचारलं तर मामा म्हणाले, “घरात पॉइंट हाये, लाइट आली तर.” मी मनातल्या मनात पैशांचा हिशेब करत होते. बाबांनी तोवर चुलीपाशी बैठक मारली होती.

मामांचं कुटुंब महादेव कोळी, आम्ही सोनकोळी. समाज वेगळे, देव वेगळे, धंदे वेगळे. त्यांचं वर्ष भात, नागली आणि हिरड्यावर चालतं, आमचं वाऱ्या-उधाणावर. तरी बाबांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील काढले आणि मामींचा चेहराच बदलला. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी त्याही बाजारातून आणतात. ही मात्र थेट वाळवणीच्या वलांडीवरून उतरवलेली. त्यांनी निखारे पुढे ओढले, एकेक बोंबील त्यावर ठेवला. शेपटी वळली की उलटायचा, कडा काळी पडली की काढायचा. राख झटकून पाट्यावर लसूण, लाल मिरची आणि मिठाबरोबर जाडसर रगडला. नागलीच्या गरम भाकरीवर तो गोळा आला तेव्हा पिठलं बाजूलाच राहिलं. आमच्या घरात बोंबलाची चटणी आयुष्यभर खाल्लेली, पण निखाऱ्याचा असा वास गॅसवर येत नाही.

जेवणं झाल्यावर मामांनी तो एकुलता एक बल्ब घालवला. थोडा वेळ स्वतःचा हात दिसेना. मग नदीपलीकडच्या सादड्यावर एक ठिणगी, दोन, आणि बघता बघता अख्खं झाड लुकलुकू लागलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तालात पेटायचं, विझायचं. शेजारचा हिरडा त्याच्या मागोमाग. मामांनी सांगितलं की झाडावर चमकतात ते बहुतेक नर, माद्या खाली झुडपात असतात आणि उजेड पाहून उत्तर देतात. जोरदार पाऊस लागला की खेळ संपला. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढे ओल्या जमिनीत गोगलगायी खाऊन वाढतात.

बाबांना नवल वाटलं, पण माझ्याइतकं नाही. काळोख्या रात्री जाळं ओढताना पाणी असंच पेटतं, हाताला लागून उजेड गळतो, म्हणाले. पूर्वी दांड्याच्या किनाऱ्यावरूनही दिसायचं. आता वस्तीचे आणि रस्त्याचे दिवे रात्रभर चालू असतात, तिथे काळोख शोधायचा कुठे?

इतक्यात वळणावरून गाड्या आल्या. हेडलाइट सरळ झाडावर पडले आणि सादडा विझला. गाण्यांचा आवाज, मग मोबाइलच्या टॉर्च. गावच्या समितीची पोरं धावत गेली, दिवे बंद करा म्हणून हात जोडत होती. एक गाडी ऐकायची तोवर मागून दुसरी यायची. झाड पुन्हा तालावर यायला बराच वेळ गेला, आणि मग तिसरी गाडी.

बाबा म्हणाले, “आमच्याकडे मासळीचा विणीचा काळ म्हणून सरकार बोटी बांधून ठेवतं. ह्यांचा विणीचा काळ म्हणून इथे जत्रा भरते.” त्यांच्या मते काजव्यांनाही बंदी हवी, सरळ ६१ दिवसांची. मामा हसले नाहीत. “आमचे तंबू भरतात ते ह्याच पंधरवड्यात. भात पेरायला पैसा ह्यातूनच. बंद करून कसं भागेल?” बाबा गप्प झाले. बंदीत हातउसने किती करावे लागतात, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मला दोघांचंही पटतं, आणि उपाय दोघांच्या मधे आहे असं वाटतं. माणसं येऊ देत, गाड्या अलीकडे थांबू देत. गावातलाच कोणी वाटाड्या सोबत घेऊन शेवटचं अंतर पायी जावं, त्याचे पैसे त्याला द्यावेत. जमलं तर शनिवार-रविवार टाळावा. तंबूत बल्ब नाही, चार्जिंग नाही, अशी तक्रार करण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की आपण पैसे मोजले ते त्या नसलेल्या दिव्यांचेच. बोट बांधली की आमची दोन महिन्यांची कमाई बुडते, तरीही आम्ही बांधतो. इथे तर फक्त हेडलाइट विझवायचे आहेत.