डूम, रिले आणि समोरचा माणूस

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे हेडलाइटची कामं वाढतात. ऊसतोडणी सुरू झाली की कागल, शिरोळ, गडहिंग्लजच्या रस्त्यांवरून रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याकडे चाललेल्या असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असलाच तर लोंबणाऱ्या उसाआड झाकलेला असतो. रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने माखलेली असते. अशा रस्त्याने जुनी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा जीप चालवणारा माणूस दारात येऊन म्हणतो, "मिस्त्री, उजेडच पडंना झालाय बघा. जरा जोरातला बल्ब घाला की."

त्याची भीती खरी असते. रात्री साइडपट्टीला उभी असलेली ट्रॉली ऐनवेळी दिसणं म्हणजे काय, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण जोराचा बल्ब हा त्यावरचा इलाज नव्हे, असं माझं ठाम मत आहे. जुन्या गाडीच्या हेडलाइटमध्ये बल्ब ही सगळ्यात शेवटी बदलायची वस्तू. आधी बल्बपर्यंत वीज पुरती पोचते का, हे पाहायचं.

ते पाहायला मल्टिमीटर लागतो. टेस्ट लॅम्प लावून "करंट येतोय" एवढंच कळतं, किती येतोय ते कळत नाही. इंजिन थोडं रेस करून ठेवायचं, हेडलाइट लावायचा आणि आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचं. चार्जिंग ठीक असेल तर पावणेचौदा-चौदा व्होल्ट दिसतात. मग दिवा तसाच चालू ठेवून बल्बमागच्या होल्डरच्या पिनांवर मोजायचं. जुन्या गाडीत तिथं साडेअकरा दिसले तर मला नवल वाटत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, सव्वादोन-अडीच व्होल्टांनी काय होतंय? फार होतं. फिलॅमेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. बल्बच्या उजेडाचे आकडे 13.2 व्होल्टवर मोजलेले असतात. तिथं साडेअकराच मिळाले, तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड दिवा लागण्याआधीच गेला. धरणातून सोडलेलं पाणी पाटाच्या फुटीतून झिरपत जावं आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात चिखलच यावा, तसा हा प्रकार आहे. तिथं मोठा वाफा बांधून उपयोग काय?

या फुटी शोधणं हाच माझ्या मते या कामाचा गाभा. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, तिथून लाइटच्या स्विचमधून डिपरच्या स्विचमध्ये, पुन्हा इंजिनच्या बाजूला आणि मग दिव्यात. वाटेतला प्रत्येक जोड थोडा थोडा व्होल्ट खातो. अँबॅसिडरचा आणि जीपचा डिपर पायाशी, फरशीवर. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी आणि लाल माती त्यात उतरते, आतले पॉइंट हिरवे पडतात. पद्मिनीचा डिपर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर, त्यामुळे कोरडा राहतो. पण आतली पितळेची पट्टी वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन खडबडीत झालेली असते. अँबॅसिडरची वायरिंग मूळ इंग्लंडच्या लुकासच्या रंगांप्रमाणे: निळ्यावर पांढरी रेघ ती अप्परची, निळ्यावर लाल ती डिपरची, काळी अर्थची. हे रंग आम्हाला पाठ असतात. पण चाळीस वर्षांत एवढे हात फिरलेले असतात की निळी वायर निघते आणि वाटेत कुठंतरी टेपच्या बोळ्यात शिरून पिवळी होऊन बाहेर पडते. तो बोळा सोडवून आतला काळवंडलेला पीळ पाहिला की अर्धं निदान तिथंच होतं.

उरलेलं निदान बहुधा अर्थमध्ये असतं. पॉझिटिव्हची बाजू सगळे तपासतात, परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाही. हेडलाइटची अर्थ मडगार्डच्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते आणि त्या स्क्रूखाली गंज, गंजावर मारलेला रंग, रंगावर पुन्हा गंज. अप्पर लावल्यावर पार्किंगचा दिवा मंद पेटत असेल, तर अर्थ तुटली म्हणून समजावं. मी पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासतो, नवीन थिंबल क्रिंप करून लावतो, वर व्हॅसलिनचा हात देतो आणि दोन्ही दिव्यांची एक जाड अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेतो. एवढ्याने काही गाड्यांचा उजेड डोळ्यांदेखत वाढतो, बल्ब तोच असतो.

मग रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. अप्परला एक, डिपरला एक. रिलेवर चार आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, 87 मधून दिव्याकडे जाणारी, 86 ला गाडीची जुनी हेडलाइटची वायर आणि 85 ला अर्थ. आता जुन्या स्विचमधून पाव अँपिअरही जात नाही, तेवढ्याने रिलेचं कॉइल ओढलं जातं. दोन्ही दिव्यांचा दहा अँपिअरच्या आसपासचा भार नव्या अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीतून बॅटरीकडून सरळ येतो. मूळ वायरिंग कापायची नाही. दिव्यामागचा जुना कपलर काढून तो रिलेला जोडायचा, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर दहा मिनिटांत नेता येईल. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती ती 2000 च्या सुमारास थांबली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतूनही ती ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. आता उरलेल्या गाड्या कुणीतरी जिवापाड सांभाळलेल्या आहेत. त्यांच्या वायरिंगला पक्कड लावताना हात जपूनच चालवावा.

फ्यूजबाबत माझा एक आग्रह आहे. डावा आणि उजवा दिवा एकाच फ्यूजवर टाकू नये. आंबा घाटात वळणावर फ्यूज उडाला तर निदान एक दिवा राहिला पाहिजे. रिलेनंतर प्रत्येक दिव्याच्या अप्परला आणि डिपरला वेगळा, असे चार होल्डर बसवायला थोडी जास्त जागा लागते, थोडे पैसे लागतात. तिथं मी घासाघीस ऐकून घेत नाही.

ज्या गाडीत अजून डायनॅमो आहे, तिथं आणखी एक हिशेब मांडावा लागतो. जुना डायनॅमो भर वेगात वीस-बावीस अँपिअर देतो आणि गाडी आयडलिंगला आली की जवळपास काहीच नाही. दिवे, इग्निशन कॉइल, वायपर आणि हॉर्न एवढ्यातच त्याला दम लागतो. गगनबावड्याच्या पावसात वायपर आणि दिवे दोन्ही लावून घाट चढणाऱ्या गाडीची बॅटरी पहाटेपर्यंत बसते, त्याचं कारण हेच. अशा गाडीला आधी अल्टरनेटर बसवावा किंवा आहे त्या बल्बवर समाधान मानावं.

वीज पोचली की डूमकडे वळायचं. आमच्या भाषेत काच आणि रिफ्लेक्टर मिळून डूम. पद्मिनी, अँबॅसिडर, महिंद्राची जीप, सगळ्यांचा डूम गोल, सात इंची, म्हणून बाजारात तो सहज मिळतो. रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो की फडक्याने पुसला तरी तो जातो. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने तो धुरकट झालेला असतो, कडेला पापुद्रे सुटलेले असतात. त्याला पॉलिश करता येत नाही. बल्ब कितीही चांगला घातला तरी मळलेला रिफ्लेक्टर उजेड पुढे फेकत नाही, इकडेतिकडे सांडतो. डूम बदलणं हाच इलाज.

नवीन डूम घेताना काचेवरचं चिन्ह बघावं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डिपरचा उजेड उजवीकडे सपाट कापलेला आणि डावीकडे वर चढलेला असतो. समोरच्याच्या डोळ्यांत जायचा नाही आणि आपल्या साइडपट्टीवर मात्र लांबवर पडायचा, अशी ही रचना आहे. बैलगाडी, सायकलवाला, चालत निघालेला ऊसतोड मजूर याच पट्ट्यात असतात. युरोप-अमेरिकेसाठी बनवलेल्या डूममध्ये हेच उलटं असतं: उजेडाचा चढ उजवीकडे, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. युरोपीय मान्यतेच्या ई चिन्हाच्या डूमवर हे ओळखायची खूण सोपी आहे. डूमसमोर उभं राहून काच पाहायची. आपल्या उजव्या हाताकडे टोक असलेला बाण दिसला तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा. बाणाला दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीकडे चालणारा, मात्र बसवताना तो आपल्या बाजूला लावून घ्यावा लागतो. बाणच नसेल तर तो आपल्या रस्त्यासाठी नाही. महागडा परदेशी डूम हौसेने मागवलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगताना वाईट वाटतं, पण मी तो बसवत नाही.

आता बल्ब. जुन्या गाड्यांत 45/40 वॅटचा साधा बल्ब, गोल मोठ्या कॉलरचा. त्याच्या जागी 60/55 वॅटचा एच-फोर हॅलोजन घालणं ही सुधारणा खरोखर करण्यासारखी. एच-फोर युरोपात 1971 मध्ये आला आणि आजही इतक्या कमी पैशात इतका प्रामाणिक उजेड देणारं दुसरं काही मला माहीत नाही. आतल्या हॅलोजन वायूमुळे फिलॅमेंटवरून उडालेलं टंगस्टन परत फिलॅमेंटवर येऊन बसतं, काच काळी पडत नाही. ही काच क्वार्ट्झची असते, तिला बोटाचा तेलकट डाग लागला की तापल्यावर तिथंच ती खराब होते. म्हणून बल्ब नेहमी पत्र्याच्या कॉलरला धरून बसवावा. जुन्या कॉलरवरचा हॅलोजन बल्बही मिळतो. पण रिंग-अडॅप्टर लावून बळेच घुसवलेला बल्ब नको. फिलॅमेंट एक-दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब चुकतो. 100/90 वॅटचे बल्ब दुकानात मागितले की मिळतात, रस्त्यावर ते कायद्याला धरून नाहीत. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो आणि समोरचा माणूस आंधळा होतो.

हल्ली सगळे एलईडी मागतात. एलईडीचाच म्हणून बनवलेला पूर्ण डूम, चांगल्या लेन्सचा आणि प्रमाणित, चांगला असू शकतो. पण हॅलोजनच्या डूममध्ये नुसता एलईडी बल्ब खोचायला माझा विरोध आहे. एच-फोरच्या डिपर फिलॅमेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो आणि उजेड खाली रस्त्यावर येतो. एलईडीच्या चिप्स त्याच बिंदूवर, त्याच आकाराच्या नसतात. उजेड पांढराशुभ्र दिसतो, गाडीच्या पुढच्या दहा फुटांत डोळे दिपतात, लांबवर मात्र अंधार आणि समोरच्याच्या डोळ्यांत फवारा. जवळचा रस्ता फार उजळला की आपली बुबुळं आकसतात आणि लांबची ट्रॉली आणखी उशिरा दिसते. पावसात तर निळसर पांढरा उजेड थेंबांवर आपटून आपल्याकडेच परत येतो.

पूर्वी आपल्याकडे हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका काढायची किंवा वरच्या भागाला काळी पट्टी रंगवायची पद्धत होती. त्याने उजेडाचं नुकसान व्हायचं, पण त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो: आपला दिवा समोरच्याला त्रास देणार नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हाच विचार मापात मांडला आहे. नियम 106 सांगतो की दिव्यापासून 8 मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांची उंची. त्याच्याकडे डिपर द्यायला काहीच नसतं, डोळे मिटून घेण्याखेरीज.

म्हणून सगळं काम झाल्यावर भिंतीसमोर सेटिंग केल्याशिवाय गाडी सोडू नये. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर चालवणारा बसलेला. साडेसात मीटरवर गाडी उभी करायची. भिंतीवर दिव्याच्या केंद्राच्या उंचीची खडूने रेघ मारायची आणि डिपरची सपाट कड त्या रेघेखाली साडेसात सेंटिमीटरवर आणायची. डावीकडचा चढ कुठून सुरू होतो ते पाहून आडवा स्क्रू फिरवायचा. मागच्या पाट्यांची कमान बसलेली असेल, तर गाडीचं नाक वर राहतं आणि सगळं सेटिंग आभाळाकडे जातं. मग कमानीचं काम आधी.

चांगला डिपर साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत रस्ता दाखवतो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते आणि पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दिवे सुधारले म्हणून वेग वाढवला, तर मिळालेला फायदा तिथंच संपला. वयस्क मालकांना मी हे जास्त आग्रहाने सांगतो. वाढत्या वयात डोळ्यांना उजेड जास्त लागतो आणि एकदा दिपले की ते सावरायला वेळही जास्त घेतात.

तेव्हा जुनी गाडी असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच तुमच्या इलेक्ट्रिशियनला सांगा: बल्बच्या होल्डरवर किती व्होल्ट येतात ते मोजून दाखव. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर बल्बचे पैसे वाचवा आणि आधी वायर, अर्थ, रिलेवर खर्च करा. आणि समोरून कुणी आलं, मग तो नुसता सायकलवाला का असेना, डिपर द्या.