‘केन्री’ या शब्दाचे वजन

जपानी कायद्याचा अभ्यास ही बाहेरून पाहणाऱ्याला तुलनात्मक विधिशास्त्राची एक शाखा वाटते. प्रत्यक्षात या वाटेने जाणाऱ्या परदेशी अभ्यासकाची उमेदवारीची वर्षे शब्द फोडण्यातच सरतात, आणि ती वाया गेली असे म्हणता येत नाही. 1896 च्या नागरी संहितेचा मालमत्ता व करार यांविषयीचा भाग 2004 च्या दुरुस्तीपर्यंत जुन्या ग्रांथिक भाषेत, काताकाना लिपीत आणि विरामचिन्हांवाचून छापला जात असे. वाक्य कुठे तुटते हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे.

‘केन्री’ म्हणजे हक्क. हा शब्द एकोणिसाव्या शतकात चिनी भाषांतरांतून जपानात आला. त्यातील ‘केन’ या अक्षराचा मूळ अर्थ तराजूचे वजन, त्यावरून सत्ता. ‘री’ म्हणजे लाभ. जपानी विचारवंत फुकुझावा युकिची यांनी मात्र ‘री’साठी त्याच उच्चाराचे, पण ‘न्याय्य तत्त्व’ या अर्थाचे दुसरे अक्षर योजले होते. रूढ झाले ते लाभाचे. (मराठीतील ‘हक्क’ अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याच्या मुळाशी ‘सत्य’ हा अर्थ आहे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.)

अशा व्युत्पत्तीवरून समाजाचा स्वभाव ठरवण्याचा मोह मोठा असतो. जपानी विधिज्ञ कावाशिमा ताकेयोशी यांनी 1967 च्या पुस्तकात जपानी माणसाची हक्कजाणीव क्षीण असल्याने तो कोर्टाची पायरी चढत नाही, असे मांडले. 1978 मध्ये जॉन हेली या अमेरिकी अभ्यासकाने त्याला उत्तर दिले: न्यायाधीश थोडे, वकील थोडे आणि निकालाला विलंब, मग लोक कोर्टात जातील कशाला? हेलींची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण ती मोजून तपासता येते. तरीही एखादा निकाल मुळातून वाचताना कावाशिमांचा प्रश्न पाठ सोडत नाही.

तोयामा प्रांतातील उनाझुकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाचा खटला पाहावा. गावाला गरम पाणी पुरवणारा, सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचा नळ एका जागी परक्या जमिनीच्या जेमतेम दोन त्सुबोंवरून (एक त्सुबो म्हणजे सुमारे 3.3 चौरस मीटर) गेला होता. हे हेरून एकाने ती उतरणीची, जवळजवळ निरुपयोगी जमीन विकत घेतली आणि नळ काढा, नाहीतर शेजारच्या जमिनीसह सुमारे 3000 त्सुबो 20 हजार येनांना घ्या, असा तगादा लावला. मालकी निर्विवाद त्याची होती. तरीही दाइशिन्-इन या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने 1935 मध्ये त्याची मागणी फेटाळली. नळ हलवण्याचा प्रचंड खर्च एका पारड्यात आणि मालकाचे नगण्य नुकसान दुसऱ्या पारड्यात घालून, हा हक्काचा दुरुपयोग आहे, असे न्यायालयाने ठरवले.

असा निकाल द्यावा असे संहितेत तेव्हा कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणूनच जपानी कायद्याचा अभ्यासक संहितेइतकाच ‘हानरेई’वर, म्हणजे निकालांतून घडत गेलेल्या नियमांवर, विसंबतो, आणि नुसती कलमे पाठ असलेल्याला या कायद्याचा जाणकार म्हणणे धाडसाचे ठरते. हक्काच्या दुरुपयोगाला मुभा नाही, एवढेच सांगणारे एका ओळीचे वाक्य पहिल्या कलमात आले ते 1947 साली, आणि त्या वाक्याचा पहिलाच शब्द ‘केन्री’ आहे.