खताच्या पाठीमागचे हात

होन्या भागोजी केंगले हे पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे महादेव कोळी. १८७३ साली त्यांनी साथीदार जमवून पश्चिम पट्ट्यातल्या सावकारांवर हल्ले सुरू केले आणि कित्येकांची नाकं कापली. सरकारनं त्यांच्यावर १००० रुपयांचं इनाम लावलं, साथीदारांवर २०० ते ६०० रुपयांचं. जुलै १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्यांना पकडलं. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके ज्याच्या हाती लागले, तोच हा डॅनियल.

होन्यांचं नाव आमच्याकडे अभिमानानं घेतलं जातं, मीही घेतो. पण ‘नाकं कापली’ या दोन शब्दांवरून पुढं सरकायचा माझा धीर होत नाही. जिवंत माणसाचं नाक कापायचं तर त्याचे हात कुणीतरी धरावे लागतात. कुणीतरी केस मुठीत धरून डोकं मागं ओढावं लागतं. मग पातं चालतं. ओरडणं सगळ्यांच्या कानात जातं, रक्त सगळ्यांच्या अंगावर उडतं. हे करणारी माणसं कुठून आली? जी आषाढात खाचरात चिखल करून भात लावतात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, त्याच घरांतून. जन्मानं क्रूर असं त्यांच्यात काही नव्हतं.

सावकाराच्या बाजूनं पाहावं, तर तिथंही राक्षस सापडत नाही. इंग्रजी अमलाआधी सावकार कुळाला पिळत नव्हता असं नाही. पण वसुलीसाठी त्याला गावातच राहायचं होतं, गावाचं तोंड बघायचं होतं. दिवाणी कोर्टं आली आणि ती गरज संपली. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खतावरच्या, म्हणजे कर्जरोख्यावरच्या, दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनी खतं उकरून कुळाला छळू नये, हा त्यामागचा हेतू. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार नवं खत करून घेई, आणि तोवरचं व्याज त्यात मुद्दल होऊन बसे. पावसाळ्यात कणगीचा तळ दिसू लागला की डोंगरातला माणूस खावटीसाठी दारात उभा राहणारच. समोर वाचता न येणारा कागद, हातात भुकेल्या पोरासाठी घ्यायचे दाणे. अंगठा उठे.

मला भीती वाटते ती या कागदाची. खत लिहिणारा म्हणतो, मला सांगितलं ते मी लिहिलं. साक्षीदार म्हणतो, मी फक्त सही केली. कूळ हजर नाही म्हणून मुन्सफ एकतर्फी हुकूमनामा देतो, कारण कायदा तसा आहे. बेलीफ जप्तीला येतो तो हुकमाचा ताबेदार. एक कुटुंब उघड्यावर येतं आणि यातल्या प्रत्येकाला रात्री शांत झोप लागते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात याच ताबेदारीवर प्रयोग सुरू केले. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला आपण विजेचे झटके देतोय, अशी समजूत असलेल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. झटके खोटे होते, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. तोच माणूस एका खोलीत समोर बसवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चाळीसवर उतरलं. तालुक्याचं कोर्ट आणि जांभोरीची झोपडी यांच्यामध्ये तर अख्खा डोंगर होता.

होन्यांच्या माणसांना मात्र कुठलीच भिंत आड नव्हती. तरी हात थांबला नाही. याचं उत्तर मी सुप्याच्या घटनेशी ताडून शोधतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. ते दंगे पुढं अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. तिथं लोकांचा मुख्य रोख खतांवर होता. खतं हाती आली, जाळली, की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. सुप्याच्या माणसाला संध्याकाळी घरी जायचं होतं, उद्या त्याच गावात वावरायचं होतं. डोंगरातला फरारी माणूस घराला मुकलेला. त्याच्याभोवती त्याच्यासारखेच चारजण, आणि आपण न्यायच करतोय ही खात्री. माझ्या मते सर्वांत धोक्याची ती खात्रीच. तिच्यापुढं समोरच्याचा चेहरा दिसत असूनही दिसेनासा होतो.

म्हणून अन्याय सांगून नाकं लपवणं मला पटत नाही, आणि नाकं सांगून खतं लपवणं तर त्याहून नाही. इंग्रजांच्या दप्तरात होन्या केंगले नावानिशी आहेत. त्या खतांवर साक्षी घालणारे कुणाच्या आठवणीत नाहीत. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला खताच्या मागं जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासायला लावलं आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवलं. मधल्या वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मागायला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तरी कर्जाच्या तारणापोटी साधं खरेदीखत करून घेण्याची चाल महाराष्ट्रात अजून चालते. कागदावर कर्जाचा उल्लेखही नसतो. त्या खरेदीखतावरही साक्षीदार सह्या करतात, आणि व्यवहार खरा काय आहे हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं.