मार हे अर्पण नव्हे

उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट झाली की आम्ही काही बायका चर्चमध्ये मागे थांबतो आणि एकच हेतू धरून जपमाळ म्हणतो: घराघरांतली मारहाण थांबावी. दिवसभर उपास असतो. जेवणाचे वाचलेले पैसे एका डब्यात जातात. नागपूरचं ऊन मार्चपासूनच अंगावर येतं, रिकाम्या पोटी त्यात घरची-दारची कामं करताना जीव मेटाकुटीला येतो. पण हा त्रास आम्ही आपखुशीनं घेतलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यात एक नवीन बाई येऊ लागली. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी. एका शुक्रवारी सगळ्या पांगल्यावर ती म्हणाली, "ताई, नवरा मारतो ते मी त्याच्या परिवर्तनासाठी अर्पण करते. संत मोनिकानंही सोसलंच ना?"

माझ्या पोटात कालवलं. ती अगदी श्रद्धेनं बोलत होती, आणि ही श्रद्धा तिला आपल्याच माणसांनी शिकवली होती. ‘आपापला क्रूस वाहावा’ म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ सहज विसरता येतात. मोनिकाबद्दल तर तिचा मुलगा संत ऑगस्टीन यानं स्वतः लिहून ठेवलंय: बाप भारी तापट होता, पण त्यानं आईवर हात उगारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मी तिला धन्य लॉरा विकुन्याची गोष्ट सांगितली. 1891 साली चिलीत जन्मलेली मुलगी. वडील गेले, आई दोन मुलींना घेऊन अर्जेंटिनात आली आणि मानुएल मोरा नावाच्या जमीनदाराच्या आश्रयाला राहिली. तो मारकुटा. सलेशियन सिस्टरांच्या शाळेत शिकणाऱ्या लॉरानं 1902 मध्ये आईच्या सुटकेसाठी स्वतःचं आयुष्य देवाला वाहिलं. मोरानं तिलाही मारलं. 22 जानेवारी 1904 ला, वयाच्या बाराव्या वर्षी ती गेली. आईनं मोराचं घर सोडलं ते त्यानंतर. आज छळ सोसणारी माणसं लॉराचा धावा करतात.

एका लेकराला एवढी किंमत द्यावी लागली, हे मला अजून पचत नाही. पण तिनं मागितलं काय होतं? आईला सोसायचं बळ मिळो, असं नाही. आई तिथून बाहेर पडो, असं.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "पण लग्न तर संस्कार आहे ना, ताई?"

त्याचं उत्तर आमच्या फादरांनी दिलं. चर्चच्या कायद्यातलं 1153 वं कलम त्यांनी तिला समजावून सांगितलं: जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला, किंवा मुलांना, गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्यास ते रास्त कारण ठरतं. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात तर म्हटलंय की दुबळ्या जोडीदाराला आणि लहान मुलांना वाचवण्यासाठी कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचंही असतं. तिनं ते वाक्य फादरांना पुन्हा वाचायला लावलं.

पुढची कामं आमची. पोलिसांच्या भरोसा सेलला आम्ही तिच्यासोबत गेलो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला तिथं पहिल्यांदा कळला: मारझोड रोखणारा आदेश मागता येतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क बायकोला असतो. तिनं मात्र मुलीला घेऊन माहेर गाठलं. ऑटोभाडं, झेरॉक्स, वकिलाची फी, सगळं उपासाच्या डब्यातून गेलं. तिच्या सासरच्यांनी आम्हाला घरफोड्या म्हटलं, ओळखीच्या दोघीतिघींनी बोलणं टाकलं. तेही आम्ही अर्पण केलं.

नवऱ्यासाठी प्रार्थना ती अजून करते. न्यायालयातल्या तारखाही चुकवत नाही. तारीख शुक्रवारी आली तर आमच्यातली एक जपमाळ सोडून तिच्यासोबत जाते.