भीती उलट्या दिशेची

मेडिकल वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना एचआयव्ही असलेल्या आणि खोकणाऱ्या रुग्णाची मला फार भीती वाटायची. त्याची खाट कोपऱ्यात न्यायला मीच सांगायचे. ज्याची प्रतिकारशक्ती खचली त्याच्या फुप्फुसात टीबीचे जंतू मोकाट, म्हणजे हवेत तेही तोच सर्वांत जास्त सोडणार, असा माझा हिशेब. सावधगिरी म्हणायचे मी याला. खरं तर किळस होती.

मला गोंधळात पाडलं थुंकीच्या रिपोर्टांनी. एचआयव्ही असलेला माणूस तापानं झिजत असायचा आणि रिपोर्ट मात्र वारंवार निगेटिव्ह. एक्स-रेमध्ये टीबीची ती ओळखीची पोकळीही बरेचदा नसायची. शेवटी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पोकळी एकटे जंतू करत नाहीत. त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो."

या वाक्यानं माझी झोप उडवली. मग वाचत गेले. टीबीची लागण झाली की प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी इतर पेशींना चेतवतात, सगळ्या मिळून जंतूला वेढा घालतात आणि बहुतेकांच्यात तो तिथेच कोंडलेला राहतो. हाच झगडा विकोपाला गेला, तर वेढ्याच्या आतलं फुप्फुस सडतं, श्वासनलिकेत फुटतं, तिथे पोकळी होते आणि खोकल्यागणिक जंतू बाहेर पडतात. एचआयव्ही नेमक्या सीडी४ पेशी मारतो. वेढा ढिला पडतो. जंतू लसिकाग्रंथींत, मेंदूच्या आवरणात पोचतो, पण पोकळी कमी वेळा होते. म्हणजे सीडी४ फार घसरलेला रुग्ण इतरांना सरासरीनं कमीच लागण देतो. त्याची मॅन्टू टेस्टसुद्धा लागण असूनही कोरी राहू शकते, कारण हातावर सूज आणणाऱ्या पेशीच पुरेशा उरलेल्या नसतात.

आणि मी? एचआयव्ही नसलेला, महिनोन्‌महिने खोकणारा रुग्ण एचआयव्ही असलेल्याच्याच शेजारी ठेवलेला मला चालायचा. निरोगी माणसाला लागण झाली, तर जन्मभरात टीबी होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीवर उपचार नसतील, तर जवळपास तेवढी दर वर्षाला. ज्याला जपायचं, त्यालाच मी धोका समजत होते.

तुमच्या घरात कुणाला एचआयव्ही असेल, तर आधी स्वतःचा खोकला तपासून घ्या. त्यांच्या एचआयव्हीवरच्या एआरटी गोळ्यांत खंड पडू देऊ नका आणि टीबी होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्यांबद्दल एआरटी केंद्रात नक्की विचारा.