पिरनवाडीच्या शिवारातील दूरदेशीची पिके

बेळगावाहून खानापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे उद्यमबागेतील कारखाने मागे पडतात आणि पिरनवाडी लागते. गाव आता शहराला जवळजवळ चिकटले आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत त्याचे नाव कोणी घालीत नाही. तथापि ह्या भागातील बांधांवरून फिरताना आम्हांस नेहमी वाटते की, येथील पिकांनी जेवढा प्रवास केला आहे तेवढा आपल्यापैकी कोणीही केला नसेल. वाचकहो, त्या प्रवासाची थोडी हकिकत आज सांगावी असा आमचा मानस आहे.

प्रथम भात घेऊ. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी त्याच्या लागवडीस आरंभ झाला. आपल्या गंगेच्या खोऱ्यातही लोक प्राचीन काळापासून रानभात गोळा करीत असत. रानातल्या भाताचा दाणा पिकताच गळून मातीत मिसळतो. परंतु एखाद्या ताटाची लोंबी दाणे घट्ट धरून ठेवते. कापणाऱ्यांच्या हाती अशाच लोंब्या अधिक लागल्या, त्यांचेच बी पुन्हा पेरले गेले, आणि शेकडो पिढ्यांनंतर न गळणारे भात तयार झाले. हे काम कोणा राजाने केले नाही. बियाणे निवडून ठेवणाऱ्या साध्या माणसांच्या हातांनी ते केले.

भात निघाल्यावर येळ्ळूर, शहापूर, वडगाव येथील काळ्या रानात उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. ही मंडळी पश्चिम आशियातली. पॅलेस्टाईन, सिरिया, तुर्कस्तान व इराक ह्या पट्ट्यात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मनुष्याने गहू, जव आणि मसूर पिकविण्यास सुरुवात केली. रूथने बेथलेहेमच्या शेतात जवाचा सरवा वेचला, ते शेत ह्याच पट्ट्यातले. तेथून गहू व जव बलुचिस्तानातील मेहरगढ येथे पोहोचले. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात, १९६८ पासून डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले शेतकऱ्यांचे गाव सापडले. ते लोक जव पिकवीत आणि पाण्यासाठी त्यांनी पाटही खोदला होता.

ज्वारी आली आफ्रिकेतून. सुदानच्या पूर्व भागात सुमारे ५००० वर्षांपूर्वी तिची लागवड होत होती. नाचणीही आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली. मग आपले स्वतःचे काहीच नाही काय? आहे. बळ्ळारीजवळील संगनकल्लूच्या टेकड्यांवर चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोक हुलगे व मूग पिकवीत, गुरे पाळीत. ज्या हुलग्याला आपण गरिबाचे अन्न म्हणतो, तो ह्या दख्खनचा जुना रहिवासी होय.

सर्वांत शेवटी समुद्रावरून पाहुणे आले. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतर मेक्सिकोची मिरची व मका, पेरूच्या पर्वतांतील बटाटा, दक्षिण अमेरिकेचा भुईमूग आपल्या देशात आले. बेळगावच्या पश्चिम भागातील रताळी आणि निपाणीची तंबाखूही मुळात अमेरिकेचीच. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरांत तिखटपणासाठी मिरे वापरीत. लाल तिखट कोणास ठाऊक नव्हते.

ह्या हकिकतीत एक इशाराही आहे. आयर्लंडमधील गरिबांचा सारा भार बटाट्यावर, तोही एकाच जातीवर होता. १८४५ मध्ये त्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. एकाच जातीवर विसंबणारा शेतकरी एका रोगाने बुडतो. आपल्याकडे सुवासिक बेळगाव बासमतीचे क्षेत्र घटले, आणि अधिक उतारा देणाऱ्या जातींनी तिची जागा घेतली. कुटुंब पोसायचे असल्याने शेतकऱ्यास दोष देता येत नाही. परंतु जुने बियाणे एकदा संपले की बाजारात ते विकत मिळत नाही.

जमिनीचेही तसेच. हलगा ते मच्छे ह्या वळणरस्त्यासाठी सुपीक शिवारे जाऊ लागली तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांतून काम सुरू झाले. रस्ते लागतात, घरेही लागतात. पण चांगली काळी माती तयार होण्यास हजारो वर्षे लागतात, आणि तिच्यावर डांबर पडण्यास एक दिवस पुरतो.

गोव्यात ऑगस्ट महिन्यात भाताच्या नव्या कणसांना देवळात आशीर्वाद देतात. रायचे कणसांचे फेस्त प्रसिद्धच आहे. आमची एवढीच विनंती आहे की, ज्यांच्यापाशी अजून गुंठाभर रान आहे त्यांनी त्यातील एक वाफा तरी आजोबांच्या काळच्या भातास द्यावा. त्याच्या भरदार लोंब्या निवडून कणगीत वेगळ्या ठेवाव्यात, आणि मुलांना त्या भाताचे नाव सांगावे.